कॉलर पांढरी कुणी केली?

लोअर परळमधल्या काही कंपन्यांत नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना मी ऑफिसचं इंग्रजी शिकवते. मेल कसा लिहायचा, मीटिंगमध्ये आपला मुद्दा कसा मांडायचा, साहेबांना 'हे इतक्यात होणार नाही' असं कसं सांगायचं. मुलं बहुतेक सातारा, सोलापूर, रत्नागिरीकडची, इंजिनिअरिंग करून आलेली, हुशार. व्याकरण सुरू केलं की पेंगतात. पण रोज तोंडात असलेला एखादा शब्द कुठून आला हे सांगायला घेतलं की मागच्या रांगेतले फोन खाली ठेवले जातात.

त्या निमित्ताने मी या शब्दांच्या मागे लागले आणि वाचता वाचता माझं एक मत पक्कं होत गेलं. एसीत बसून आपण जे शब्द सहज वापरतो, त्यांतल्या कितीतरी शब्दांनी ऑफिस फार उशिरा पाहिलं. आधी ते जहाजावर होते, छापखान्यात होते, लॉन्ड्रीत होते, एक तर थेट कैद्यांच्या छावणीत होता. तिथल्या माणसांनी ते अंगावर झेलले. ही माणसं आपल्याला ठाऊक असावीत असं मला कळकळीने वाटतं, म्हणून हे लिहितेय.

डेडलाइनपासून सुरुवात करते, कारण माझ्या वर्गात हा शब्द सगळ्यात जास्त ऐकू येतो.

अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. फेब्रुवारी १८६४ मध्ये दक्षिणेच्या फौजेने जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे उत्तरेच्या युद्धकैद्यांसाठी छावणी उघडली. तुरुंग म्हणावा अशी इमारत नव्हती. पाइनच्या ओंडक्यांची सुमारे १५ फूट उंच भिंत, आत उघडं मैदान आणि त्यातून वाहणारा एक ओढा. भिंतीच्या आतल्या बाजूने, साधारण १९ फुटांवर, खुंट रोवून त्यांवर लाकडाची हलकी पट्टी ठोकलेली होती. तिचं नाव डेड लाइन. कैद्याने ती ओलांडली की भिंतीवरच्या चौकीतल्या पहारेकऱ्याने गोळी घालायची, असा हुकूम होता. पट्टी इतकी किरकोळ की ती अडवत काहीच नव्हती. अडवायची ती बंदूक.

छावणी १०,००० माणसांसाठी आखलेली होती. ऑगस्ट १८६४ मध्ये तिथे सुमारे ३३,००० कैदी कोंबलेले होते. प्यायला तोच ओढा आणि घाण जायलाही तोच. त्यातलं जरा बरं पाणी मिळायचं ते ओढा भिंतीखालून आत शिरतो तिथे, म्हणजे नेमकं डेड लाइनला लागून. तहानेने व्याकूळ माणूस थोडं स्वच्छ पाणी मिळावं म्हणून पट्टीखालून हात लांबवायचा आणि वरून गोळी यायची. हे सुटून आलेल्या कैद्यांनी लिहून ठेवलं आहे. १४ महिन्यांत तिथे सुमारे ४५,००० कैदी आले आणि जवळजवळ १३,००० मेले, बहुतेक हगवण आणि स्कर्व्हीने. छावणीचा कमांडंट हेन्री वर्झ याच्यावर युद्धानंतर खटला चालला. त्याच्यावरच्या आरोपांत डेड लाइनवरचे गोळीबारही होते. १० नोव्हेंबर १८६५ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्याला फाशी दिलं.

पुढे हा शब्द छापखान्यात दिसतो. छापयंत्राच्या पाट्यावर एक रेषा आखलेली असायची आणि तिच्या पलीकडे बसवलेले अक्षरांचे खिळे कागदावर उमटत नसत. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत तो वेळेला चिकटला: या तासानंतर आलेली बातमी उद्याच्या अंकात जाणार नाही. तिथून तो सगळ्या ऑफिसांत पसरला.

हे सांगून झालं की मी मुलांना एकच विनंती करते. मेलमध्ये सरळ लिहा, 'शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत हवं आहे, कारण सोमवारी सकाळी ते क्लायंटकडे जायचं आहे.' तारीख द्या, कारण द्या. हाताखालच्या माणसाला धाक घालायला हा शब्द वापरू नका. काहीजण ऐकतात.

आता स्ट्राइक. हा शब्द माझ्या घरातला आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, लालबागच्या एका गिरणीत साळखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. गिरणीचा भोंगा थांबला आणि आमच्या चाळीचं घड्याळच गेलं. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी यांवर स्वयंपाक, झोप, मुलांचा अभ्यास, सगळं बांधलेलं होतं. घरात 'संप' हा शब्द हळू आवाजात उच्चारला जायचा. पण इंग्रजीत तो कसा जन्मला हे मला समजलं तेव्हा अण्णा हयात नव्हते, आणि त्यांना ते सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं असं अजूनही वाटतं.

खलाशांच्या इंग्रजीत शीड उतरवण्याला 'स्ट्राइक' म्हणत. समोरचं जहाज बलाढ्य असेल तर शीड किंवा निशाण उतरवायचं, म्हणजे शरणागती. १७६८ मध्ये लंडनमध्ये धान्य महागलं होतं आणि मजुरी पुरत नव्हती. कोळसा उतरवणारे हमाल आणि रेशमाचे विणकर अशा कितीतरी धंद्यांतली माणसं त्या वर्षी रस्त्यावर होती. थेम्स नदीवरच्या खलाशांनी व्यापारी जहाजांची शिडं उतरवून ठेवली. मजुरी वाढल्याशिवाय एकही जहाज हलणार नाही, असं त्यांनी ठरवलं. शरण जाण्याची खूण त्यांनी उलटी करून मालकांपुढे धरली. तेव्हापासून काम बंद ठेवणं म्हणजे स्ट्राइक. हातात शस्त्र नाही, पैसा नाही, फक्त दोर सोडायचं कसब आहे, आणि तेवढ्या बळावर बंदर थांबतं. मला ही गोष्ट फार आवडते.

सॅबोटाज, म्हणजे मुद्दाम काम बिघडवणं, याची गोष्टही कामगारांचीच, पण ती नेटवर चुकीची फिरते. फ्रान्समधले कामगार सॅबो नावाचे लाकडी बूट मागात फेकून यंत्र मोडायचे, म्हणून सॅबोटाज, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. याला पुरावा नाही. लाकडी बूट घालून चालणारा माणूस खडखडाट करत, धसमुसळा चालतो. त्यावरून फ्रेंचमध्ये 'साबोते' म्हणजे काम धसमुसळेपणाने, वाईट करणं. १८९७ मध्ये तुलूझला फ्रेंच कामगार महासंघाचं अधिवेशन भरलं, तिथे कामगार चळवळीतला एमिल पूजे आणि त्याच्या साथीदारांनी हा शब्द लढ्याचं हत्यार म्हणून पुढे आणला. आणि त्यासाठी पूजेने दाखला दिला तो स्कॉटलंडचा.

१८८९ मध्ये ग्लासगोच्या गोदी कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. मालकांनी शेतमजूर आणून काम चालवलं आणि संप मोडला. कामगार जुन्याच मजुरीवर परतले. तेव्हा त्यांच्या युनियनच्या सेक्रेटरीने त्यांना सांगितलं त्याचा आशय असा: मालक म्हणतात की त्या शेतमजुरांच्या कामावर ते खूश आहेत. त्यांना बोटीवर धड चालता येत नव्हतं, निम्मा माल हातातून पडत होता, दोघे मिळून आपल्या एकाएवढं काम करत नव्हते. मालकांना तसंच काम आवडत असेल तर आपणही तसंच करू. कामगारांनी अगदी तसंच केलं. थोड्याच दिवसांत मालकांनी सेक्रेटरीला बोलावलं, पूर्वीसारखं काम करायला सांगा म्हणाले आणि मागितलेली वाढ दिली. स्कॉटिश बोलीत याला 'का कॅनी' म्हणत, म्हणजे जपून, सावकाश चला. आपल्या गिरण्यांत आणि कारखान्यांत याला 'गो-स्लो' म्हणायचे. बूट फेकण्याच्या कथेत कामगार नुसता रागावलेला आहे. खऱ्या हकिकतीत तो विचार करतो, आणि म्हणून खरी हकिकत मला मोलाची वाटते.

खोट्या कथांचा विषय निघालाच आहे तर सॅलरी. 'रोमन सैनिकांना पगारात मीठ मिळायचं' हे वाक्य प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी म्हणतंच. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागायची भाषा असल्यामुळे ते आपल्याला लगेच पटतंही. लॅटिनमध्ये 'साल' म्हणजे मीठ आणि 'सालारियुम' म्हणजे भत्ता किंवा वेतन. या दोन शब्दांचं नातं पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी यानेही नोंदवलं आहे. पण सैनिकाच्या हातावर मीठ ठेवत असत असा कुठल्याही प्राचीन लेखकाचा दाखला नाही. रोमन सैनिकाला नाणी मिळत. इतकंच सांगून मी थांबते. आपला 'पगार' मात्र पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेत पैसे चुकते करणं म्हणजे 'पागार'. वसई, चौल, गोवा या किनाऱ्यावर त्यांच्याकडे काम करून पैसे मोजून घेणाऱ्या माणसांमुळे तो शब्द आपल्या घरात रुजला, आणि गिरणीच्या खिडकीपाशी रांग लावून अण्णांनी घेतला तोही पगारच.

नोकरीवरून काढण्याचे दोन शब्द आहेत. सॅक मिळणं हा जुना. कारागीर आपली हत्यारं पिशवीत घालून कामावर यायचा आणि पिशवी मालकाकडे ठेवायचा. पिशवी परत दिली की काम संपलं. फ्रेंचमध्ये 'त्याला त्याची पिशवी दिली' असा वाक्प्रयोग होता आणि रँडल कॉटग्रेव्हच्या १६११ च्या फ्रेंच-इंग्रजी शब्दकोशात तो नोंदलेला आहे. इंग्रजीत तो एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. फायर करणं हा अमेरिकेतला, १८८० च्या दशकातला. 'डिस्चार्ज' म्हणजे कामावरून मोकळं करणं आणि बंदुकीचा बार काढणंही, त्यावरून केलेला तो शब्दखेळ आहे. नको असलेल्या माणसाचं घर जाळायचे म्हणून फायर, ही कथा नेटवर वाचायला मिळते, तिला आधार नाही. मला या दोघांत पिशवीचा शब्द जास्त माणुसकीचा वाटतो. हत्यारं त्याची, ती त्याच्याबरोबर गेली, म्हणजे दुसऱ्या दारात उभं राहायची सोय तरी राहिली. आज माणसाला काढतात तेव्हा सकाळी लॅपटॉप उघडत नाही आणि त्याचं कामच त्याच्याकडून काढून घेतलेलं असतं.

बॉस या शब्दाबद्दल वर्गात बोलताना मला सांभाळून बोलावं लागतं. हा डच शब्द, मूळ उच्चार 'बास', अर्थ मालक किंवा मुख्य कारागीर. न्यूयॉर्क १६६४ पर्यंत डचांचं न्यू ॲमस्टरडॅम होतं, तिथून तो अमेरिकन इंग्रजीत शिरला. तो एवढा पसरला याचं कारण गुलामगिरीत आहे. धन्याला 'मास्टर' म्हणायचं ते गुलामांनी. स्वतंत्र झालेल्या अमेरिकेतल्या गोऱ्या नोकरमाणसांना तो शब्द तोंडातून काढायचा नव्हता. १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रज प्रवाशाच्या वर्णनात एक प्रसंग आहे. त्याने दार उघडणाऱ्या बाईला विचारलं, तुझे मास्टर घरी आहेत का? ती म्हणाली, मला मास्टर नाही. तिच्या स्वाभिमानाचं कौतुक वाटतं, पण पुढचं वाक्य वाचलं की ते टिकत नाही: नोकर असतात ते फक्त काळे, असं तिने सुनावलं. म्हणजे बॉस या शब्दात एकाची ताठ मान आहे आणि तिच्याखाली दुसऱ्याची मान दाबलेली आहे. तोच डच शब्द दक्षिण आफ्रिकेत 'बास' म्हणून राहिला आणि वर्णभेदाच्या काळात काळ्या कामगारांना गोऱ्या माणसाला त्याच नावाने हाक मारावी लागे. जातीची उतरंड पाहिलेल्या आपल्या मुलांना हे फार समजावून सांगावं लागत नाही.

सीसी चटकन सांगते. मेलमधला सीसी म्हणजे कार्बन कॉपी. काळा कागद मध्ये घालून एका वेळी दोन प्रती काढायच्या युक्तीचं पेटंट राल्फ वेजवुडने १८०६ मध्ये घेतलं, पण त्या कागदाला खरे दिवस आले ते टाइपरायटरबरोबर. माझी आत्या फोर्टमधल्या एका कचेरीत टायपिस्ट होती. चार कार्बन घातले की शेवटची प्रत उमटायला प्रत्येक अक्षर दणकून मारावं लागे. संध्याकाळी ती बोटं कोमट पाण्यात बुडवून बसायची आणि नखांच्या कडेला निळाई राहायचीच. एका क्लिकवर साठ जणांना सीसी करणाऱ्या मुलांना मी आत्याची बोटं सांगते.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. व्हाइट कॉलर आणि ब्लू कॉलर.

ब्लू कॉलर हा शब्द अमेरिकेत १९२० च्या दशकात रूढ झाला, कामगारांच्या जाड सुती निळ्या कपड्यांवरून. या जाड कपड्यांतल्या एकाला इंग्रजीत डंगरी म्हणतात आणि ते नाव आपल्या मुंबईतल्या डोंगरीवरून पडलं असं शब्दकोश सांगतात. तिथे मिळणारं भरड सुती कापड जहाजांवर शिडांना, तंबूंना वापरलं जायचं, पुढे त्याचे खलाशांचे आणि मजुरांचे कपडे झाले. जगभरच्या कामगारांच्या अंगावर डोंगरीचं नाव आहे, आणि डोंगरीहून लोअर परळला रोज लोकलने येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीला ते माहीत नव्हतं. तिने ते त्याच संध्याकाळी घरी सांगितलं.

व्हाइट कॉलर म्हणजे खुर्चीवर बसून काम करणारा. पण ती कॉलर पांढरी कुणी केली? न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी ट्रॉय नावाचं शहर आहे. १८२७ मध्ये तिथल्या हॅना मॉन्टेग्यू या बाईने नवऱ्याच्या शर्टाची कॉलर कापून वेगळी केली, कारण शर्ट स्वच्छ असायचा आणि मळायची फक्त कॉलर. सुट्या कॉलरचा धंदा तिथे इतका वाढला की ट्रॉयला कॉलर सिटी म्हणू लागले. कारकून, दुकानातले विक्रेते, बँकेतले लोक सुटी कॉलर लावून रुबाबात कामावर जायचे. ती धुऊन, खळ घालून, कडक इस्त्री करून द्यायचं काम लॉन्ड्रीतल्या बायका करत, पुष्कळशा आयर्लंडहून आलेल्या. दिवसाचे १२ ते १४ तास. उकळतं पाणी, ब्लीचिंगची रसायनं, तापलेल्या इस्त्र्या. आठवड्याला तीन-चार डॉलर. नवी यंत्रं आली, त्यात भाजण्याचं प्रमाण वाढलं, मजुरी मात्र तीच. कॉलरवर डाग राहिला किंवा ती करपली तर त्याचे पैसे बाईच्या मजुरीतून कापत.

त्यांच्यात केट मलानी नावाची १९ वर्षांची मुलगी होती. वडील वारलेले, आई आजारी, घर तिच्यावर. तिने बायकांना एकत्र करून कॉलर लॉन्ड्री युनियन काढली. फक्त बायकांची आणि टिकून राहिलेली अमेरिकेतली ही पहिली युनियन मानली जाते. फेब्रुवारी १८६४ मध्ये १४ लॉन्ड्र्यांतल्या सुमारे ३०० बायका काम सोडून बाहेर पडल्या. आठवडाही पुरा झाला नाही, मालकांनी सुमारे २५ टक्के वाढ कबूल केली. अँडरसनव्हिलची छावणी उघडली तोच हा महिना. एकाच देशात, एकाच महिन्यात, एकीकडे डेड लाइन ठोकली जात होती आणि दुसरीकडे या बायका फाटकाबाहेर उभ्या होत्या.

म्हणून व्हाइट कॉलर हा शब्द मला एकट्या कारकुनाचा वाटत नाही. एसी ऑफिसात बसणाऱ्या माझ्या मुलांना मी सांगते की तुमच्या वर्गाचं नाव ज्या कॉलरवरून पडलं, ती एका भाजलेल्या हाताने पांढरी केलेली आहे. आजही त्यांचा मजला सकाळी सहाला पुसून ठेवणारी मावशी आहे. तिचं नाव किती जणांना माहीत आहे असं मी विचारते. आता बॅच संपेपर्यंत बहुतेकांना ते माहीत झालेलं असतं.

मागच्या बॅचमध्ये वाईच्या एका मुलीने विचारलं, मॅडम, त्या केटचं पुढे काय झालं? १८६८ मध्ये नॅशनल लेबर युनियन या देशव्यापी संघटनेने तिला सहायक सेक्रेटरी केलं, एवढ्या मोठ्या पदावर जाणारी ती पहिल्याच बायकांपैकी. १८६९ मध्ये तिच्या युनियनने पुन्हा संप केला. या वेळी लॉन्ड्रीमालक आणि कॉलरचे कारखानदार एक झाले. त्यातच बाजारात कागदी कॉलर आल्या होत्या, ज्या धुवायच्याच नसत. बायकांनी स्वतःची सहकारी लॉन्ड्री काढून पाहिली, तीही चालली नाही. संप फसला आणि युनियन मोडली. केट १९०६ मध्ये वारली. ट्रॉयमधलं तिचं घर २००४ मध्ये अमेरिकेच्या सरकारने राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केलं. मी त्या मुलीला १८६९ चं सगळं सांगितलं. १९८२ नंतरच्या लालबागमध्ये मी वाढले, जिंकलेला संप तेवढा सांगून फसलेला गाळायचा हे माझ्याच्याने होत नाही.